पांढरे दात

गजा, तुझ्या दातांवरून मी तुला पकडलं होतं. तुझं तेरावं परवा झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मला सारखे तुझे ते दातच आठवतायत.

लोहाचं मिक्श्चर रोज तीन वेळा पिणाऱ्या माणसाचे दात महिनाभरात काळपट होतात. म्हणून तर मी पेशंटला बजावतो की नळीने प्या, नाहीतर पिऊन झाल्यावर दात मीठ लावून घासा. तू नळी कधी मागितली नाहीस, मीठही कधी घेतलं नाहीस. आणि जेवताना हसलास की दात कसे, ओल्या खोबऱ्यासारखे. मी तुझ्या समोर बसून भाकरी मोडायचो आणि तुझ्या तोंडाकडे बघायचो. तुला वाटायचं, भावजी आपलं बोलणं मन लावून ऐकतायत.

त्याच्याही आधी बाटलीने तुझी चहाडी केली होती. आमच्या दवाखान्यात बाटली पेशंटने घरून आणायची. मी औषध भरायचं आणि बाटलीवर कागदाची पट्टी खळीने चिकटवायची, कडेला कात्रीने खुणा कापलेली. एक खूण म्हणजे एक डोस. पालघर स्टेशनाजवळच्या या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मी अशा किती पट्ट्या कापल्या असतील, देव जाणे. तर सांगायचं म्हणजे, खरोखर औषध पिणाऱ्याची बाटली कधी खुणेवर येत नाही. कुणाचा घोट मोठा असतो, कुणी दुपारचा डोस विसरतो, कुणी रात्री दोन घेऊन भरपाई करतो. तुझी बाटली मात्र दर वेळी बरोब्बर खुणेवर. इतका प्रामाणिक पेशंट मी आजवर पाहिला नव्हता, आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

मग एके दिवशी मी घरामागे गेलो. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथल्या चुना लावलेल्या भिंतीवर गंजाचा ओघळ होता, हातभर लांब. तुला वाटलं असेल, मागच्या भिंतीकडे कोण बघतं. माझ्यासारखा माणूस बघतो. तुझी ताई मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आली आहे की देवाने तुमच्या डोळ्यांत भिंगं बसवलीत, पण सगळी चुकीच्या जागी रोखलेली. मी दूधवाल्याच्या मापावर संशय घेतो, डॉक्टरांच्या घड्याळावर घेतो, तुझ्या ताईने पाठ फिरवून काही पुटपुटलं तरी घेतो. तू तर माझा धाकटा मेहुणा, माझ्याच घरी राहायला आलेला. तुला कसा सोडणार होतो?

तू मासवणहून आमच्याकडे आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. शेतावरून घरी येताना तीनदा खाली बसावं लागतं, एवढीच तुझी तक्रार. नखं पांढरी, डोळ्यांची पापणी आतून पांढरी, जिभेला रंग नाही. आमच्या डॉक्टरांनी बोटातून रक्त काढून, अंगात रक्त किती ते बघायला नळीत रंग जुळवला आणि मान हलवली. पंडुरोग. भातशेतीत अनवाणी राबणाऱ्यांच्या पोटात जंत, जंतांनी रक्त खाल्लेलं, त्यावर उपाय जंताचं औषध आणि लोह. या भागात शंभर घरी हेच दुखणं आणि शंभर घरी हाच उपाय. डॉक्टरांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

पण एक गोष्ट होती, ती त्यांना ठाऊक नव्हती आणि मला होती. तुमच्या आईचे दोन भाऊ असेच पांढरे पडून तरुणपणी गेले होते. मासवणच्या बायका त्यावरून आईकडे कसं बघायच्या, तेही मला ताईने सांगितलं होतं. पाठचे दोन भाऊ गेले, आता मुलगा त्याच वाटेवर, म्हणजे या बाईचीच नजर वाईट, असं त्या विहिरीवर बोलायच्या. मी त्या बायकांना शिव्या घातल्या, अडाणी म्हटलं. आणि ते दोन मामा आणि तू यांना एका ओळीत मांडून डॉक्टरांना एक शब्द सांगायचं मला सुचलं नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला नेमका तिथे संशय आला नाही.

तर ओघळ सापडला त्या दिवसापासून मी नवा नियम केला. सकाळी दवाखाना उघडण्याआधी तू काउंटरसमोर उभं राहायचं, मी डोस ओतून द्यायचा, तू माझ्यासमोर प्यायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. दुपारचा डोस ताईच्या डोळ्यांदेखत. पहिल्या दिवशी तू पेला हातात धरून उभा राहिलास आणि खाली बघत म्हणालास,

"माज्या अंगाला नाय लागत ते, भावजी. पोटात दगड बसल्यावानी वाटतं."

मी म्हणालो, "ते श्रीखंड नाही, औषध आहे. पी. आणि आता आ कर."

तू आ केलास. गजा, एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा तू, बाहेर बाकावर पेशंट बसलेले, आणि मी तुझी जीभ वर करून बघत होतो. तू कधी उलट बोलला नाहीस. तुझे दात महिन्याभरात काळे झाले आणि मला केवढं समाधान वाटलं, हे तुला सांगायचं राहून गेलं. म्हणजे तेव्हा सांगायचं नव्हतंच. आता सांगतोय.

रक्त काही वाढेना. मग मला वाटलं, तू मागच्या मागे ओकून टाकतोस. मग वाटलं, जंताच्या गोळ्या खिशात घालतोस. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊन बघू, ती ओकता येत नाहीत. तीही मीच दिली. आठवड्याला दोन, कमरेत, काळ्याशार औषधाची. तुझ्या कातडीवर त्याचे डाग पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत. तुला शेवटची आंघोळ घालताना मी ते पाहिले आणि नजर वळवली. कशाकरता वळवली, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.

तीन वर्षं असं चाललं. मग तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम निघालं आणि तू सिमेंटच्या गोदामावर लागलास. बसून करण्याचं काम, गोण्या आल्या किती, गेल्या किती. सरावलीला एका सातारकर फिटरबरोबर खोली घेऊन राहिलास. रविवारी पालघरला यायचास, मी इंजेक्शन टोचायचो, आठवड्याची बाटली भरून द्यायचो आणि तुझे दात तपासायचो. तिथे गेल्यावर तुझा रंग काळवंडला. पांढरा माणूस राखाडी झाला. आम्ही म्हटलं, किनाऱ्यावरचं ऊन. लोक म्हणाले, अणूची हवा. मी त्यांना सांगून दमलो की बाबांनो, केंद्र अजून सुरूच झालेलं नाही, नुसत्या भिंती उभ्या राहतायत. पण संशयाला माणसं मिळायला वेळ लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

एकदा गोदामातच तू भोवळ येऊन पडलास. फिटरने तुला बोईसरहून गाडीत घालून आणलं. आमच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. मला दवाखाना सोडून निघता येईना, म्हणून ताई तुझ्याबरोबर गेली. तीन आठवड्यांनी तुम्ही दोघं परत आलात ते एक कागदी पुडी घेऊन. तुमचं काय काय झालं ते तुम्ही सांगितलंत. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तुझ्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, काचेवर पसरून रंगवला, आणि मग पहिला प्रश्न विचारला तो मामांचा. हे दुखणं आईकडून मुलग्यांना येतं, फार थोड्या घरांत असतं, आणि त्यातल्या काहींना एका जीवनसत्त्वाने गुण येतो. लोह आता बंद. ही गोळी, जन्मभर.

मी पुडी उघडली आणि मला हसू आलं. बी-सहा. ती गोळी आमच्या कपाटात दुसऱ्या फळीवर होती, मोठ्या बरणीत. पोटुशी बायकांना ओकाऱ्या होऊ लागल्या की आम्ही ती देतो. तुझी भाची पोटात असताना ताईला मीच दिल्या होत्या, आणि त्या दिवसांत तू दवाखान्यात त्याच कपाटासमोर उभा राहून माझ्या हातचं लोह पीत होतास. अर्थात हे सगळं आता सुचतंय. तेव्हा मी एवढंच म्हणालो की बायकांच्या ओकाऱ्यांवरच्या गोळीने कुणाच्या अंगात रक्त चढत नसतं, मुंबईवाल्यांनी तुला गंडवलं आहे.

मग तू मला समजावून सांगितलंस, तुझ्या गोदामाच्या भाषेत. "आमच्याकडं गोण्या थप्पीला लागल्यात, भावजी, पन गवंडीच नाय. मंग भिंत कशी उभी रायेल? ही गोळी म्हंजे गवंडी." मला ते पटल्यासारखं झालं. मी सहज विचारलं, आणि गवंडी नसताना गोण्या नुसत्या पडून राहिल्या तर? तू ताईकडे पाहिलंस. मग म्हणालास, दगड होतात, आणि हसून विषय बदललास.

ते पाहणं माझ्या नजरेतून सुटलं नाही. शिवाय चिठ्ठी नव्हती. इस्पितळ पेशंटला घरी पाठवताना गावच्या डॉक्टरच्या नावाने चिठ्ठी देतंच देतं, इतकी वर्षं मी त्या चिठ्ठ्या फायलीला लावतोय. मी विचारलं, चिठ्ठी कुठे आहे? ताई म्हणाली, दिलीच नाही. तू म्हणालास, गाडीत पडली बहुतेक. दोघांची उत्तरं दोन. मी तिथल्या तिथे ओळखलं की तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. पण काय, ते काही केल्या कळेना.

आणि गोळी लागू पडली, गजा. डोळ्यांनी पाहिलं म्हणून म्हणतो, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. महिन्याभरात तुझी जीभ गुलाबी झाली. मी दर रविवारी बोट टोचून नळीत रंग जुळवायचो, आणि दर वेळी रंग गडद. नळी खराब आहे असं समजून मी नवी आणली, तरी रंग गडदच. त्या दिवाळीला मासवणला सूर्या नदीवर तू भाचीला खांद्यावर बसवून घाटाच्या पायऱ्या चढलास, न थांबता, आणि वर पोचून नुसता उभा राहिलास. दम लागला नाही म्हणून तुझं तुलाच खोटं वाटत होतं. आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. ती दोन वर्षं तुला मिळाली, त्याबद्दल मी त्या न पाहिलेल्या डॉक्टरीणबाईंचा ऋणी आहे. तुझे दातही हळूहळू पुन्हा पांढरे झाले. या वेळी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पण माझा स्वभाव कुठे जातो? तू दर काही आठवड्यांनी मुंबईला जाऊ लागलास. विचारलं तर म्हणायचास, तपासणी. मग एका रविवारी तू सदऱ्याची बाही वर केलीस आणि मला तुझ्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईची खूण दिसली. नुसती टोचल्याची नव्हे, जाड सुईची. तिच्या शेजारी जुनी एक, तिच्या शेजारी आणखी जुनी. कंपाउंडरला ती खूण सांगावी लागत नाही. तुझं रक्त काढलं जात होतं, बाटलीभर.

मुंबईत रक्त विकणारी माणसं असतात हे मला ठाऊक होतं. मी ताईसमोर तुला विचारलं, "रक्त विकतोस?"

तू बाही खाली केलीस. म्हणालास, "तसंच समजा, भावजी."

मग मी जे बोललो ते तुला आठवतच असेल. एवढ्या खस्ता खाऊन तुझ्या अंगात चार थेंब रक्त चढवलं, ते तू बाजारात नेऊन विकतोस, दारू प्यायला लागलास की काय, त्या फिटरच्या नादाला लागलास की काय. ताई मध्येच उठून मोरीकडे गेली आणि नळाला पाणी नसताना उगाच भांडी वाजवू लागली.  जाताना तू नेहमीप्रमाणे माझ्या पाया पडलास. त्यानंतर सहा महिने मी तुझ्याशी कामापुरतं बोललो. भांडण मिटवायचं होतं, पण आधी तू कबूल करावंस, असं माझं होतं.

मग तुझे पाय सुजू लागले. पायऱ्या चढताना पुन्हा दम लागू लागला. रक्त तर चांगलं होतं, मी स्वतः पाहत होतो, मग दम कसला? मला वाटलं, दारूच. शेवटी तू नोकरी सोडून मासवणला आईजवळ गेलास. निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात होतो. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता, आणि ताई आधीच तिथे होती. तू माझ्यासाठी काही बोललास का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, नाही. त्यावरही माझा विश्वास बसला नाही.

काल दुपारी मला राहवलं नाही. घरात आम्ही दोघंच होतो. मी तिला म्हणालो, आता तो गेला, आता तरी सांग, रक्त कुणासाठी विकत होता?  ती उठली, फळीवरचा पापडांचा डबा काढला, तळाचा कागद उचलला आणि त्याखालून एक पाकीट काढून माझ्यापुढे टाकलं.

"घ्या तुमची चिठ्ठी. वाचा आता."

दोन वर्षं ते पाकीट माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं. मी त्या डब्यातले पापड खाल्ले आहेत.

चिठ्ठी आमच्या डॉक्टरांच्या नावे होती. इंग्रजी साधं होतं, मला सगळं कळलं. पेशंटच्या अंगात लोह कमी नाही, अतोनात आहे. ते रक्तात वापरता येत नसल्याने यकृतात आणि बहुधा हृदयातही साठलं आहे. तोंडाने किंवा सुईने लोह यापुढे कदापि देऊ नये. जीवनसत्त्वाने रक्त वाढलं की ठरावीक दिवसांनी बाटलीभर रक्त काढून टाकावं, म्हणजे साठलेलं लोह उतरेल. हृदयाला झालेली इजा किती भरून येईल ते सांगता येत नाही.

म्हणजे तू रक्त विकत नव्हतास. मी घातलेलं लोखंड तू बाटली बाटलीने बाहेर काढत होतास. आणि ते मला सांगायचं तर कशासाठी काढतोस तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा भावजींनी आपल्याला दारुडा समजलेलं बरं, असं तू ठरवलंस.

खाली आणखी एक ओळ होती. एवढं लोह पेशंटच्या पोटात गेलं कसं, असं त्या बाईंनी तुला विचारलेलं दिसतं. तू दिलेलं उत्तर त्यांनी लिहून ठेवलं आहे. रुग्ण सांगतो की गावच्या दवाखान्याने थोड्याफार लोहापलीकडे कधीच काही दिलं नाही. लवकर बरं व्हावं म्हणून तो स्वतःच बाजारातून टॉनिकच्या बाटल्या आणून चोरून पीत असे.

चोरून पीत असे. गजा, तू चोरून ओतत होतास. मोरीच्या भिंतीवरचा तो ओघळ मी शोधला नसता, तुला तुझ्या मनासारखं ओतू दिलं असतं, तर कदाचित तू आज सरावलीला असतास.

मी ताईला विचारलं की मला का नाही सांगितलंत. ती म्हणाली, मी सांगणार होते, त्यानेच शपथ घातली. परतीच्या वाटेवर तू तिला म्हणालास म्हणे, "भावजींना कललं तर त्यांचा हात औषदाला लागायचा नाय परत. आन् पालघरला दुसरा कंपाउंडर हाय कुठं?"

मग तिने असंही सांगितलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, या दुखण्यात न पिताही अंगात लोह साचतंच, सगळा दोष औषधाचा नाही. हे त्या बाई खरंच म्हणाल्या की ताईने माझा चेहरा पाहून जोडलं, ते मला कळत नाही. चिठ्ठीत तसं काही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचून पाहिलं. हा एक संशय मला मरेपर्यंत पुरेल.

आज सकाळी मी दवाखाना उघडला. सालवडची एक बाई बाटली घेऊन आली होती, बाळंतपणानंतर रक्त कमी झालेली. तिला लोहच द्यायला हवं, आणि तिला त्याने गुणही येईल, हे मला माहीत आहे. तरी मिक्श्चर भरून झाल्यावर माझ्याने ते तिच्या हातात देववेना. मी पट्टी कापली, चिकटवली, बाटली पुसली, पुन्हा पुसली. ती वाट बघत उभी होती.

शेवटी मी तिला विचारलं की मागची बाटली प्यायलीस तेव्हा कसं वाटलं. ती गोंधळली. तिला वाटलं, आपली चोरी पकडली गेली, आणि घाईघाईने म्हणाली, सगळी प्यायले, खरंच सगळी. मी म्हटलं, तसं नाही, बाई. प्यायल्यावर पोटात कसं वाटतं, एवढंच विचारतोय.

तीन वर्षं तू रोज माझ्यासमोर उभा होतास, गजा. तुला मी फक्त आ करायला सांगितलं.